डास पळतो की पडतो?

डासांपासून संरक्षण देणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती आपण रोज पाहतो. कॉइल, मॅट, विजेवर तापणारी द्रवाची बाटली, अंगाला लावायचे मलम, मनगटावर बांधायचा पट्टा, 'ध्वनिलहरीं'चे यंत्र. दुकानात या साऱ्यांना सरसकट 'डास पळवणारे' म्हटले जाते. आमची पहिली तक्रार या नावाबद्दलच आहे. यांतल्या काही वस्तू डासाला माणसापासून दूर ठेवतात, काही त्याच्या चेतासंस्थेवर आघात करतात आणि काही तर काहीच करत नाहीत. तिन्हींना एकच नाव दिले की 'हे सुरक्षित आहे का?' हा प्रश्न धडपणे विचारताच येत नाही, मग उत्तर कसले मिळणार?

प्रथम डासाची बाजू पाहू. चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामातले लॅक्टिक आम्ल, त्वचेचे इतर गंध आणि शरीराची ऊब यांचा माग काढत ती येते. अंगाला लावायच्या मलमांत बहुधा असणारे 'डीट' हे रसायन या शोधात व्यत्यय आणते. अमेरिकी सैन्यासाठी ते १९४६ साली तयार झाले आणि १९५७ पासून सर्वसामान्यांच्या वापरात आले. ते नेमके काय करते यावर मात्र २००८ मध्येही दोन मते पुढे आली. डीटमुळे डासाला माणसाचा गंध नीट कळत नाही, असे एका संशोधनात दिसले. तर डासाला डीटचाच वास येतो आणि तो त्याला टाळतो, असे दुसऱ्यात. शिवाय डीट लावलेल्या त्वचेवर डास टेकला, तर पायांनाही ते जाणवते आणि तो उडून जातो, हे २०१९ मध्ये दाखवले गेले. एखादी वस्तू उपयोगी आहे हे कळणे आणि ती का उपयोगी आहे हे कळणे या दोन गोष्टींत अर्धशतकाहून अधिक अंतर पडू शकते, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

कॉइल, मॅट आणि द्रवाच्या बाटलीची गोष्ट निराळी. त्यांत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रमची ही कृत्रिम भावंडे. चेतापेशीच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी दारे असतात. ती क्षणभर उघडून मिटली की संदेश पुढे जातो. पायरेथ्रॉइड ही दारे मिटू देत नाही. मात्रा थोडी असेल तर डास गोंधळतो, चावत नाही, खोलीबाहेर जातो. मात्रा वाढली की तो खाली पडतो. म्हणजे हे मुळात कीटकनाशकच, 'पळवणे' हा त्याचा सौम्य मात्रेतला परिणाम. सस्तन प्राण्यांच्या शरीरात या रसायनांचे विघटन लवकर होते, म्हणून माणसाला त्यांचा धोका बराच कमी. मांजरांना मात्र ते नीट पचवता येत नाही आणि माशांना तर ती फारच घातक. ज्या घरात मत्स्यालय आहे, त्या घराला ही माहिती जाहिरातीतून मिळत नाही.

आमची दुसरी तक्रार या मौनाबद्दल आहे. कॉइलमध्ये कीटकनाशक साधारणतः एक टक्क्याहूनही कमी असते. उरलेला भाग म्हणजे लाकडाचा भुसा, करवंटीची भुकटी, डिंक असे जळणारे पदार्थ. जाहिरातीत चर्चा असते ती त्या एक टक्क्याची; श्वासात जातो तो उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांचा धूर. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली, तर त्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे त्यात आढळले. कॉइल लावणे म्हणजे तितक्या सिगारेटी ओढणे नव्हे, कारण हा धूर खोलीभर पसरतो. पण आपण करतो काय? डास येऊ नयेत म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावतो आणि कॉइल लहान मुलाच्या उशाशी ठेवतो.

तिसरी तक्रार 'वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक' या युक्तिवादाबद्दल. पायरेथ्रम फुलातूनच येते आणि निकोटिन पानातून. एखादा पदार्थ कुठून आला यावरून तो किती घातक हे ठरत नाही. रेणू कोणता, मात्रा किती, ती शरीरात जाते कशी, यांवरून ठरते. गुणाचेही तसेच. २००२ सालच्या एका तुलनात्मक चाचणीत सुमारे २४ टक्के डीट असलेल्या द्रवाने सरासरी पाच तास संरक्षण दिले. सिट्रोनेला तेलाची उत्पादने सरासरी २० मिनिटेही टिकली नाहीत आणि मनगटी पट्टे जवळजवळ निरुपयोगी ठरले. ध्वनियंत्रांची कथा त्याहून वाईट. प्रत्यक्ष परिसरात केलेल्या दहा चाचण्यांचा आढावा २००७ मध्ये घेतला गेला. यंत्र चालू असो वा बंद, डास उतरण्यात फरक पडला नाही. अशा वस्तूत विष नाही हे खरे, पण तिच्या भरवशावर झोपणाऱ्याला मलेरिया होऊ शकतो. निरुपद्रवी आणि सुरक्षित हे समानार्थी शब्द नव्हेत.

याच्या उलट टोकाला 'सगळी रसायने विषारी, काहीच वापरू नका' असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशीही आम्ही सहमत नाही. डेंग्यू आणि मलेरिया हे काल्पनिक धोके नाहीत. डीट कित्येक दशके कोट्यवधी लोकांनी वापरले आहे. त्याचे गंभीर दुष्परिणाम विरळा आणि बव्हंशी अतिवापराशी किंवा पोटात जाण्याशी निगडित आहेत. दोन महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नये, मोठ्या मुलांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ लावू नये, एवढे पथ्य पाळले तर ते टाकाऊ नाही. मच्छरदाणीला तर धूरही नाही आणि वासही नाही. मात्र डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, हे विसरून चालणार नाही. तिन्हीसांजेला लावलेली कॉइल सकाळच्या वर्गात उपयोगी पडत नाही.

शिक्षकांनी यातून एक तास सहज उभा करता येईल. मुलांनी घरातली रिकामी वेष्टने आणावीत. क्रियाशील घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, कीटकनाशक कायदा, १९६८ खालील नोंदणी क्रमांक, विषारीपणा दाखवणारे रंगीत चिन्ह आणि बारीक अक्षरांतल्या सूचना यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. शेजारी जाहिरातीतली वाक्ये लिहावीत. दोन्हींत किती अंतर आहे ते मुलांनाच मोजू द्यावे. ज्या उदबत्तीवर ना घटक ना नोंदणी क्रमांक, ती 'डासांवर रामबाण' असली तरी घरात का आणू नये, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि शेवटी शाळेची एक फेरी काढावी. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. कुंडीखालची ताटली, माठ, गच्चीवरचे टायर, पाण्याची टाकी ही सारी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी केली, तर ही साखळी मधेच तुटते. कोरड्या दिवसाची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. ती करण्याचे काम शाळेचेच आहे.