महदंबेचे धवळे : ‘आद्य’ या विशेषणापलीकडे

मराठीतील आद्य कवयित्री म्हणून महदंबेचा उल्लेख प्रत्येक वाङ्मयेतिहासात आढळतो. परंतु हा मान देऊन झाल्यावर तिच्या काव्याविषयी बोलण्यासारखे फारसे उरत नाही, असाच बहुतेकांचा समज दिसतो. इंग्रजी काव्याचे जनकत्व चॉसरला (मृत्यू 1400) बहाल करण्यात आले, तरी त्याच्या यात्रेकरूंच्या कथा अद्याप कथा म्हणूनच वाचल्या जातात. महदंबेच्या वाट्याला मात्र केवळ कालानुक्रम आला.

महदंबा ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण. अकाली वैधव्य आल्यानंतर ती प्रथम दादोसांकडे व पुढे चक्रधरस्वामींकडे वळली. ‘लीळाचरित्रा’त ती भक्त म्हणून जेवढी दिसते, त्याहून अधिक प्रश्न विचारणारी स्त्री म्हणून दिसते. चक्रधरांनी तिच्या जिज्ञासेची प्रशंसा केली आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर ती रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तेथेच प्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी, त्यांच्याच आज्ञेवरून तिने धवळ्यांचा पूर्वार्ध गायिला. उत्तरार्ध मागाहून रचला गेला. परंपरेने ज्ञानेश्वरीचे मानलेले 1290 हे साल या पूर्वार्धानंतर येते.

धवळे म्हणजे विवाहसमयी गायिली जाणारी वरविषयक गीते. ती लिहून वाचण्यासाठी नसून मंडपात गाण्यासाठी असतात. हे ध्यानात न घेता नरेंद्राच्या अलंकारप्रचुर ‘रुक्मिणीस्वयंवरा’शी त्यांची तुलना केली जाते आणि महदंबेची रचना साधी, म्हणून कमी प्रतीची ठरते. ही तुलना मुळातच अन्याय्य आहे. नरेंद्र पंडितांच्या सभेतला कवी. महदंबेसमोर लग्नविधी जाणणाऱ्या श्रोत्यांचा समुदाय होता. अशा श्रोत्यांपुढे वर्णनाचा विस्तार कथेचा वेग मारतो. शिवाय रुक्मिणी ही विदर्भाची लेक. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर तिचे माहेर मानले जाते. रिद्धपूरच्या श्रोत्यांस ही कथा परकी नव्हती, ती शेजारच्या घरचीच होती.

महदंबेच्या साधेपणास असमर्थता म्हणता येत नाही, याचा पुरावा तिच्याच ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवरा’त मिळतो. वर्णमालेच्या क्रमाने पद्ये गुंफण्याचे कठोर बंधन तिने तेथे पत्करले आहे. रचनेचे एवढे कसब हाती असताना धवळ्यांत ती ते मिरवत नाही. गाणाऱ्या कंठास पेलेल तेवढेच ती देते. हा काव्यविवेक आहे, आणि समीक्षेने नेमकी याचीच दखल घेतलेली नाही.

या उपेक्षेस ऐतिहासिक कारणही आहे. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त राहिल्याने पंथाबाहेरच्या वाचकांस ते शतकानुशतके अज्ञात होते. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आणि यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमांनी हे दालन खुले झाले. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 चा. त्या पिढीपुढे काल, कर्ता व पाठ निश्चित करण्याचे काम होते. ते तिने चोख बजावले. (त्यासाठी पोथ्या मिळविणे हीच त्या काळी अर्धी तपश्चर्या होती.) नंतरच्या पिढ्यांनी मात्र ते निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत उतरवून घेण्यापलीकडे फार काही केले नाही. परिणामी पदवीच्या वर्गात महदंबा एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर होऊन बसली. धवळे मोठ्याने, चालीवर म्हणून पाहिल्याखेरीज त्यांतील लय आणि कथेचे वळण कानी पडत नाही. ते काम वऱ्हाडातील महाविद्यालयांत सर्वांत सहज होऊ शकते, कारण लग्नगीतांची परंपरा येथील स्त्रियांच्या कंठात अद्याप आहे.