सहा इंचांचा काठ

डोंबिवलीच्या त्या घरात चपला काढून आत पाऊल टाकलं आणि पहिली दाद तळपायांनीच दिली. माझ्या धाकट्या बहिणीने हे घर गेल्या वर्षी घेतलं. इमारत चाळीस वर्षांची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर हातात उरलेल्या पैशांत फरशी आणि स्वयंपाकघर एवढंच होणार होतं. घर पाहायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता, जुनी मोझॅक उखडा आणि व्हिट्रिफाइड टाका. तिने उखडली नाही. मला हे घर आवडतं ते त्या नकारापासून.

नकारामागे हिशेब होता. बाहेरची खोली आणि आतल्या दोन मिळून ४०० चौरस फूट. फरशी आणि तिच्याखालचा माल धरून ३ इंच जाडी. म्हणजे १०० घनफूट, पुरता एक ब्रास राडारोडा, गोण्यांत भरून तीन जिने उतरवायचा. जुन्या फरशीवरच नवी चिकटवली असती, तर जमीन अर्धा इंच वर आली असती आणि प्रत्येक दार खालून तासावं लागलं असतं. पण हिशेब मांडताना ती वाकून त्या फरशीकडे पाहत राहिली, आणि मग तिला ती दिसली.

आता ती फरशी नीट पाहू या. दहा इंची चौकोन, राखाडी सिमेंटमध्ये संगमरवराची खडी. पांढरी जास्त, काळी बेताची, आणि मधूनच मधासारखा एखादा पिवळा खडा. खडी पडेल तशी पडलेली, त्यामुळे कुठलेही दोन चौकोन सारखे नाहीत. छापील टाइलमध्ये तीच रेघ चार-सहा टाइल्सनंतर परत भेटते आणि एकदा भेटली की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. इथे नजर कितीही फिरवा, पुनरुक्ती नाही. शिवाय इथला रंग वरवरचा नाही. खडीचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वरचा झिजलेला, पिवळट पडलेला पापुद्रा घासून काढला की खाली तीच फरशी ताजी निघते. परदेशी टाइल्सना देशी पर्याय म्हणून मुंबईत १९२२ साली ‘भारत फ्लोअरिंग्ज’ सुरू झाली. सिमेंटच्या फरशीचा तो स्वदेशी वारसा आपण जुनाट म्हणून गोण्यांत भरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पॉलिशवाल्याने पाणी सोडून मशीन फिरवलं. आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, २२०, ३२०. पहिल्याच दगडाने चौकोनांचे वर-खाली झालेले काठ एका पातळीत आणले. मग बारीक छिद्रांत पांढऱ्या सिमेंटची लापशी भरून ती वाळेपर्यंत काम थांबवलं. हे थांबणं पुष्कळजण टाळतात आणि महिन्याभरात छिद्रांत मळ बसतो. शेवटी ऑक्झॅलिक पावडर. चकाकी बेताची ठेवली आहे, खिडकीचा उजेड फरशीवर विसावतो, तिथून उसळून डोळ्यांवर येत नाही. प्लंबरने फोडलेले तीन चौकोन बदलले आहेत. ते स्वयंपाकघरातून अख्खे निघालेले, त्याच चाळीस वर्षांच्या वयाचे. आधी तेलाने काळपट होते. घासल्यावर शेजाऱ्यांत असे मिसळले की मला बोट दाखवून सांगावं लागलं.

स्वयंपाकघराची जमीन मात्र काढावीच लागली, कारण सगळा ढाळ कोपऱ्यातल्या मोरीकडे होता आणि मोरी आता नको होती. तिथे कोटा आला. तो चुनखडीचा दगड, हिरवट-निळा, एखादा तुकडा तपकिरीकडे झुकणारा. मिस्त्रींनी माल कालवण्याआधी सगळे तुकडे कोरडे मांडून दाखवले. बहिणीने त्यांतले दोन हलवले. तपकिरी तुकडा दाराच्या तोंडाशी होता, तो खिडकीखाली नेला. ही अदलाबदल फुकटची, पण खोलीचा रंग तिनेच ठरला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ती जागा. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधली अर्ध्या विटेची आडभिंत इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची परवानगी घेऊन काढली. भिंत गेली की तिच्याखाली फरशी नसते, हे ती पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. गिलाव्यासकट सहा इंच रुंदीचा उघडा पट्टा राहिला. एका बाजूला मोझॅक, दुसऱ्या बाजूला कोटा, मध्ये जखम. तिथे जुन्या मांडणीतून निघालेला काळा कडप्पा कापून बसवला. लुगड्याला काठ असावा तसा. भिंत होती तिथे भिंतीची आठवण राहिली, आणि दोन दगडांची गाठ पडण्याआधी डोळ्यांना एक श्वास मिळाला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. रात्री पाण्याला उठली की तिच्या पावलांना तो गुळगुळीत पट्टा लागतो आणि स्वयंपाकघर आलं हे तिला कळतं.

ओटा जुनाच, कडप्प्याचा. फक्त त्यावर काळा ग्रॅनाइट चढवला, कारण चुनखडीच्या दगडावर लिंबू, कोकम सांडलं की डाग उठतो, ग्रॅनाइटवर उठत नाही. त्या पाऊण इंचाने उंचीही ताठ उभं राहून पोळ्या लाटण्याइतकी झाली. ट्रॉल्या दोनच, भांडी आणि डब्यांपुरत्या. बाकी उभे कप्पे तसेच ठेवून मरीन प्लायची साधी दारं लावली. ग्रॅनाइटच्या कडेखाली हात फिरवून पाहा. तिथे एक सूत खोल खाच आहे. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी तुटतं आणि जमिनीवर पडतं, दारांवरून झिरपत नाही. घरातलं हे सगळ्यात सुंदर काम, आणि ते दिसत नाही.

एक गोष्ट मला पटली नाही. ओट्यामागच्या टाइल्सवर संगमरवराच्या छापील रेघा आहेत. मोझॅक, कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट अशा चार खऱ्या पदार्थांच्या पंक्तीत ही नक्कल खटकते. त्याच पैशांत साध्या पांढऱ्या टाइल्स आल्या असत्या. तसं मी तिला सांगितलंही.

निघताना पुन्हा खाली पाहिलं. भिंतीच्या कडेला मशीन पोचत नाही, तिथे पॉलिशवाल्याने उकिडवं बसून हाताने दगड घासला होता. स्कर्टिंगला लागून दोन बोटं रुंदीचा पट्टा खोलीभर फिरतो, बाकीच्या फरशीपेक्षा किंचित मंद, आणि दारामागच्या कोपऱ्यातही तो तुटलेला नाही.