निकालात ज्यांची नावं नाहीत : श्रीलंकेचं आर्थिक संकट आणि संसदेची जबाबदारी



आज माझ्याच संशोधन-आराखड्यातली एक चूक सांगतो. पीएचडीच्या तयारीत असलेल्या कोणाच्याही हातून ती सहज होऊ शकते. आर्थिक संकटाच्या काळात कायदेमंडळं आपलं काम कितपत करतात, हा माझा विषय आणि श्रीलंका हे त्यातलं मुख्य उदाहरण. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'या संकटाची जबाबदारी कोणाची हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केले आहे.' सरांनी वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "न्यायालयाला मुळात कोणाकोणाची जबाबदारी ठरवता येत होती?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना आराखड्याचा अर्धा भाग बदलावा लागला.

आधी निकाल बघू. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो दिला. गोटाबाया, महिंदा आणि बासिल हे राजपक्षे बंधू, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर, अर्थखात्याचे माजी सचिव अशा मंडळींनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला आणि नागरिकांचा समानतेचा हक्क डावलला, असं न्यायालयाने म्हटलं. २०१९ची करकपात, नाणेनिधीकडे जायला केलेला उशीर, गंगाजळी आटत असताना जानेवारी २०२२मध्ये फेडलेले ५० कोटी डॉलरचे रोखे, हे सगळं त्यात तपासलं गेलं. सत्तेवरच्या माणसांना आर्थिक धोरणासाठी नाव घेऊन जबाबदार धरणं ही छोटी गोष्ट नाही.

पण यादी पुन्हा वाचा. त्यात राष्ट्राध्यक्ष, मंत्री, सचिव, गव्हर्नर आहेत. २२५ सदस्यांची संसद, संसद म्हणून, कुठेच नाही. मी यावरून मनातल्या मनात निष्कर्ष काढला होता की दोष कार्यकारी सत्तेचा आणि संसद बिचारी बाजूला पडली. इथेच मी फसलो. ही याचिका श्रीलंकेच्या राज्यघटनेच्या कलम १२६ खाली होती. त्या कलमाखाली न्यायालय फक्त 'कार्यकारी किंवा प्रशासकीय' कृतीमुळे झालेला हक्कभंग तपासू शकतं. कायदेमंडळाची कृती, किंवा त्याने काहीच न करणं, त्या चौकटीत येतच नाही. थोडक्यात, निकालात संसदेचं नाव नाही कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. एखाद्या दस्तऐवजाचं मौन आणि त्याचा निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिलीला दुसरी समजलो.

आता संसदेकडे वळू. तिथल्या घटनेचं कलम १४८ सांगतं की सार्वजनिक पैशावर संपूर्ण नियंत्रण संसदेचं राहील. शब्द 'संपूर्ण' आहे. या कलमाशेजारी तारखा मांडून बघा.

१६ नोव्हेंबर २०१९ला गोटाबाया निवडून आले. महिनाअखेरीस मंत्रिमंडळाने करकपात ठरवली आणि १ डिसेंबरपासून मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, संसदेचं अधिवेशन संस्थगित झालं, ते ३ जानेवारीपर्यंत. तोवर आयकरातले बदलही १ जानेवारीपासून लागू झाले होते. २ मार्च २०२०ला संसद बरखास्त झाली, कोरोनामुळे निवडणूक लांबत ५ ऑगस्टला गेली. आयकरातल्या त्या बदलांना कायद्याचं रूप मिळालं मे २०२१मध्ये. म्हणजे जवळपास १७ महिने लोकांनी आयकर कमी भरला तो प्रशासकीय सूचनांच्या भरवशावर. संसदेने मंजुरी दिली तेव्हा महसूल कधीच घसरला होता.

यात एक बारकावा आहे. कर 'लावायचा' तर संसदेचा कायदा हवा, हे कलम १४८मध्ये स्पष्ट आहे. कर सोडून देण्याबद्दल ते तेवढं ठळक बोलत नाही. पण तिजोरीच्या दृष्टीने न वसूल केलेला रुपया आणि खर्च केलेला रुपया यांत फरक काय? खर्चासाठी सरकारला सभागृहात यावं लागतं. करमाफी मात्र मागच्या दाराने होऊन जाते. 'संपूर्ण नियंत्रण' असं ज्यांच्या नावावर लिहिलंय त्यांनी हे विचारायला हवं होतं.

आता दुसरी बाजू. २०१९च्या ईस्टरला झालेले बॉम्बस्फोट आणि नंतरचा कोरोना यांनी पर्यटन बसवलं, हे खरं. विरोधी बाकांवरून काही सदस्यांनी इशारे दिले, हेही खरं. आणि बरखास्त झालेल्या संसदेला दोष कसा द्यायचा, हा आक्षेप मला पटतो. २०२०च्या मार्च ते ऑगस्टसाठी मी तो मान्य करतो. पण त्यानंतरचं काय? नव्या संसदेने २२ ऑक्टोबर २०२०ला १५६ विरुद्ध ६५ मतांनी विसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवले आणि राष्ट्रीय खरेदी आयोग घटनेतून काढून टाकला. पैसा आटत असताना पैशावर नजर ठेवणारी संस्थाच मोडली. हा निर्णय कोणा सचिवाने परस्पर घेतला नव्हता, सभागृहात हात वर करून घेतला गेला. कार्यकारी सत्तेने संसदेला डावललं, ही गोष्ट म्हणूनच अर्धीच खरी आहे.

१२ एप्रिल २०२२ला श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली. मग सुधारणांची रांग लागली. ऑक्टोबर २०२२मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने खरेदी आयोग परत आला. २०२३मध्ये भ्रष्टाचारविरोधी कायदा, मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा आणि संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा कायदा झाला. २०२४मध्ये सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायद्याने व्याज वगळता खर्चाला देशांतर्गत उत्पन्नाच्या १३ टक्क्यांची मर्यादा घातली. कागदावर उत्तम. पण यातले बरेच कायदे नाणेनिधीच्या अटींच्या वेळापत्रकातून आले, आणि त्या वेळापत्रकावर माझी टीका आहे. अमुक तारखेपर्यंत विधेयक मंजूर झालं का, हे ते मोजतं. सदस्यांनी ते वाचलं का, कोणतं कलम बदलायला लावलं, पुढच्या वर्षी अंमलबजावणीचा हिशेब मागितला का, याला त्यात रकाना नाही. संसद तिथे शिक्का मारणारं कार्यालय ठरते.

ही भीती उगाच नाही. तूट ५ टक्क्यांवर आणण्याचा वित्तीय जबाबदारी कायदा श्रीलंकेत २००३पासूनच होता. लक्ष्यं हुकली, आणि कर्जाच्या लक्ष्याची मुदत तर कायदा दुरुस्त करून पुढे ढकलली गेली. दुरुस्ती कोणी केली? संसदेनेच. तेव्हा 'नवा कायदा आला' हे सुधारणेचं मोजमाप धरलं तर २००३ साली सुधारणा पूर्ण झाली होती असं म्हणावं लागेल!

माझ्या मते संकटात लोकप्रतिनिधीचं कर्तव्य मतदानाच्या आधी सुरू होतं आणि नंतरही संपत नाही. आधी आकडे मागायचे, नंतर हिशेब मागायचा. यातलं किती झालं हे निकालात किंवा नाणेनिधीच्या अहवालात सापडणार नाही. त्यासाठी सभागृहाच्या कामकाजाचे वृत्तांत आणि वित्त समितीचे अहवाल उघडावे लागतील.

तुम्ही अशा विषयावर आराखडा लिहिणार असाल तर तीन गोष्टी आधी करा. पहिली, प्रत्येक मुख्य दस्तऐवजाबद्दल लिहून ठेवा की त्याला काय सांगण्याचा अधिकारच नव्हता. दुसरी, निर्णयाची, अंमलबजावणीची आणि कायद्याची तारीख अशा तीन रकान्यांचा तक्ता करा. मला ते १७ महिने अशा तक्त्यातच दिसले. तिसरी, 'बहुमताने मंजूर' एवढ्यावर थांबू नका, चर्चेत कोण काय बोललं ते वाचा. आपल्या विधिमंडळावर काम करणाऱ्यांना हाच तक्ता पुरवणी मागण्यांसाठी वापरता येईल.

माझं ते वाक्य आता असं झालंय : 'न्यायालयाने कार्यकारी सत्तेची जबाबदारी निश्चित केली. संसदेची जबाबदारी तपासणे हा प्रस्तुत संशोधनाचा हेतू आहे.' सरांनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त समासात लिहिलं, "वृत्तांत वाचायला कधी सुरुवात करताय?" सोमवारपासून करतोय.