रोहिणीचे पाणी आणि सिद्धार्थाचा गृहत्याग

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याआधीचे तीन महिने राज्यातल्या गावोगावच्या विहारांप्रमाणे शिरूर-दौंड भागातही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ग्रंथाच्या आरंभीच शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो आणि त्यातून सिद्धार्थ घर सोडतो. इथे घोड आणि भीमा अशा दोन नद्या असूनही उन्हाळ्यात शेतकऱ्याचे डोळे कालव्याच्या आवर्तनाकडे लागलेले असतात. अशा मुलखात हा प्रसंग कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो आला कोठून, हे विचारायचे राहून जाते.

रूढ कथा वेगळी आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री निघून गेला, असे ती सांगते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा रोगी पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटले नाही. त्यांच्याआधी मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात याच कथेची छाननी केली होती. दीघनिकायातील महापदान सुत्तात ही कथा विपस्सी बुद्धाची म्हणून येते. गौतमाच्या चरित्राला ती मागाहून चिकटली. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तर रडणाऱ्या आईबापांच्या समक्ष गृहत्याग होतो. कोसंबींनी आधार घेतला तो सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताचा. आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपण हादरलो, असे तिथे बुद्ध स्वतः सांगतात.

तेव्हा रोहिणीचा तंटा बाबासाहेबांनी रचला, हा आक्षेप टिकत नाही. धम्मपदाच्या आणि जातकांच्या अट्ठकथांत तो तपशिलाने आहे. ज्येष्ठातला उन्हाळा, वाळत चाललेले पीक आणि आणखी एक पाणी मिळाले तर पीक हाती येईल, असे म्हणणारे दोन्ही काठांचे मजूर. शिवीगाळ होते, प्रकरण राजांपर्यंत जाते, सैन्ये उभी राहतात. भांडण कशाचे, असे बुद्ध विचारतात तेव्हा राजांना सांगता येत नाही, सेनापतीलाही नाही. विचारणा खाली खाली जाते आणि शेवटी मजूर सांगतात, पाण्याचे. मात्र अट्ठकथेतला हा प्रसंग बोधिप्राप्तीनंतरचा आहे. पाण्याच्या तंट्याचा गृहत्यागाशी सांधा जोडणे हा आधुनिक अभ्यासकांचा निर्णय आहे, हे वाचकाला स्पष्ट सांगायला हवे.

बाबासाहेबांची खरी भर पुढे आहे. शाक्यांच्या संघात सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. दोघे आपले, दोघे त्यांचे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी निवाडा करावा, असे सुचवतो. बहुमताने त्याची सूचना फेटाळली जाते. सैन्यात जायला तो नकार देतो, तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमिनी जप्त करण्याची धमकी येते. घरच्यांना शिक्षा नको म्हणून तो परिव्रज्या पत्करतो.

बहिष्काराची ही धमकी रोहिणीच्या अट्ठकथेत नाही. ती कोठून आली असेल? १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी कोरेगावच्या विजयस्तंभाला भेट दिली. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि त्यानंतर भोवतालच्या गावांत अस्पृश्यांवर बहिष्कार पडले. पुढे गोलमेज परिषदेत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी मांडली. पाण्याचा हक्क आणि बहिष्काराची भीती एकत्र येतात ती त्यांच्या स्वतःच्या लढ्यात. कपिलवस्तूच्या सभेचे वर्णन वाचताना मला तरी महाडच दिसते.

म्हणून हे प्रकरण खोटे ठरते का? बाबासाहेबांनी आधार पानोपानी नोंदवले नाहीत, ही ग्रंथाची उणीव आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांना हिंदी अनुवाद करताना ते शोधावे लागले. पण ग्रंथाची मांडणी तंट्यावर थांबत नाही. राजगृहात सिद्धार्थाला शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची बातमी कळते. मग परत का जाऊ नये? तो विचार करतो: पाण्याचे भांडण मिटले, पण माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष रोज चालूच आहे आणि दुःखाचे मूळ तिथे आहे. जन्म, जरा, मरण यांपुरते मानलेले दुःख इथे समाजात येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्या लाखोंसाठी धम्माचा अर्थ हाच होता.

कोणतीही गोष्ट केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालाम सुत्त सांगते. विहारातल्या वाचनात या प्रकरणापाशी थांबून पाली कथा कोणती आणि बाबासाहेबांची भर कोणती, हे सांगितले, तर श्रद्धेला धक्का बसणार नाही. चरित्रकाराने दुःखाची व्याख्या कोणत्या अनुभवातून बदलली, ते मात्र ऐकणाऱ्याला कळेल.