रत्नागिरीचे स्थलदर्शन : बंदिवासाचे नगर आणि पर्यटकाची दृष्टी

कोकणातील पर्यटनविषयक लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि रत्नागिरी हे नगर मुंबईकर प्रवाशाला एका रात्रीच्या अंतरावर आले. त्यानंतर माहितीपुस्तिका, वृत्तपत्रीय पुरवण्यांतील लेख, सहल-संयोजकांची पत्रके यांची भर पडत गेली. या लेखनाची समीक्षा मात्र क्वचितच होते. ते वाङ्मय नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु एखाद्या नगरात काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशापाशी किती वेळ थांबावे हे ठरविणारे लेखन त्या नगराचा लोकप्रिय इतिहासही ठरवीत असते. या दृष्टीने त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

रत्नागिरीच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी आता जवळजवळ रूढ झाली आहे. थिबा राजवाडा, रत्नदुर्ग व त्यावरील भगवतीचे मंदिर, दीपगृह, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मत्स्यालय, भाट्याचा किनारा, आणि मग गणपतीपुळ्याकडे प्रस्थान. एवढ्यासाठी अर्धा दिवस पुरेसा मानला जातो. प्रत्येक स्थळाच्या वाट्याला दोन-तीन वाक्ये येतात. त्यांत बांधकामाचे वर्ष असते आणि तेथून दिसणाऱ्या देखाव्याचे वर्णन असते. या वर्णनांचे लाडके विशेषण 'विहंगम' हे होय. विहंग म्हणजे पक्षी. पक्ष्याच्या नजरेला खाडी, माड आणि मचवे दिसतात. भिंतीच्या आत कोण राहत होते, हे त्याला दिसण्याचे कारण नाही.

वस्तुतः या यादीतील दोन प्रमुख स्थळे बंदिवासाशी निगडित आहेत. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक बंद, अशी या नगराची जुनी स्थिती होती. १८८० च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये येथील बंदरांचे जे तपशीलवार वर्णन आढळते, ते प्रशासकाच्या सोयीसाठी केलेले आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी याच प्रशासनाने एका पदच्युत राजाला ठेवण्यासाठी रत्नागिरीची निवड केली. पुढे अंदमानातून आणलेल्या विनायक दामोदर सावरकरांना १९२१ मध्ये प्रथम येथील तुरुंगात ठेवण्यात आले आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत ते याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. ज्या दुर्गमतेने या नगराला बंदिवासाचे स्थान बनविले, तीच आज 'निसर्गरम्य एकांत' म्हणून पर्यटकापुढे मांडली जाते. या दोहोंतील नाते स्थलदर्शनपर लेखनाच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

थिबा राजवाड्याचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. राजा, राणी सुपयालत आणि लहान राजकन्या यांना प्रथम मद्रासला आणि तेथून १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. चौथ्या राजकन्येचा जन्म रत्नागिरीतच झाला. ज्याला आज 'थिबा राजवाडा' म्हणतात, त्या वास्तूत हे कुटुंब १९१० मध्ये राहावयास गेले. त्याआधीची सुमारे चोवीस वर्षे त्याने बंगल्यांत काढली होती, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा निवर्तला. म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव आहे, तीत तो जेमतेम सहा वर्षे राहिला. हा साधा हिशेबही माहितीपुस्तिकेत सहसा मांडला जात नाही. 'राजवाडा' हा शब्द उच्चारला की सत्तेचा भास होतो. या वास्तूच्या धन्याला मात्र नगराबाहेर पडण्याची मुभा नव्हती. लाल भिंती, उतरते छप्पर, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या यांचे वर्णन करताना ही वास्तू बंदिवानासाठी सरकारने बांधली होती, ही गोष्ट जाता जाता सांगितली जाते, किंवा गाळलीच जाते.

अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) या कादंबरीने ही उणीव काही अंशी भरून काढली. राजकुटुंबाचे रत्नागिरीतील जीवन त्यामुळे दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले आणि अनेकजण तिच्यामुळेच येथे येऊ लागले असल्यास नवल नाही. परंतु कादंबरीतील राजा आणि इतिहासातील राजा एकच नव्हेत. समुद्राकडे दुर्बीण लावून बसलेला राजा ही कादंबरीकाराची प्रतिमा आहे. ती राजवाड्याच्या सज्जात प्रत्यक्ष शोधावयाची नसते. स्थानिक लेखकांनी कागदपत्रांच्या आधारे या कालखंडाचे सुलभ मराठी कथन पर्यटकाच्या हाती दिले असते, तर कल्पिताकडे इतके ओझे गेले नसते. ज्येष्ठ राजकन्येची रत्नागिरीत जन्मलेली कन्या टूटू हिने आपले आयुष्य याच नगरात, सामान्य परिस्थितीत काढले. नगराने एका राजघराण्याला आपल्यात कसे सामावून घेतले, याचे इतके जिवंत उदाहरण असताना लेखणी पुन्हा सूर्यास्ताकडे वळते, हे खेदजनक आहे.

पतितपावन मंदिराबाबत चूक वेगळ्या प्रकारची आहे. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिलेले हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते, आणि हाच त्याच्या उभारणीचा हेतू होता. शिल्पाच्या दृष्टीने त्यात असाधारण असे फारसे नाही. ते पाहावयाचे असेल तर त्यामागचा वाद समजून घ्यावा लागतो : कोणत्या मंदिरांची दारे कोणाला बंद होती, सहभोजनांना विरोध का झाला, राजकारणास मनाई असलेल्या स्थानबद्धाने समाजकारणाकडे मोर्चा कसा वळविला. सावरकरांच्या एकूण विचारांविषयी कोणाचे काहीही मत असो, हा वाद वगळला की उरते ते एक देऊळ, आणि कोकणात देवळांची वाण नाही.

रत्नदुर्गाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला आपल्या स्थानामुळेच डोळ्यांत भरतो. मात्र त्याच्या पायथ्याचे मिरकरवाडा बंदर यादीत अभावानेच आढळते, आणि आढळले तर 'वरून दिसणारे दृश्य' म्हणून. झाडगावच्या मत्स्यालयात काचेआडचे मासे आवर्जून दाखविले जातात. ज्या बंदरावर मासळी उतरते, तेथे पर्यटकाला न्यावे असे कोणास सुचत नाही. वास येतो, हे कारण असावे!

पर्यटक विश्रांतीसाठी येतो, इतिहासाचा पाठ घेण्यासाठी नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु पर्यटकाचा वेळ आधीच ठरवून दिलेला असतो आणि तो कोठे खर्च व्हावा हे लेखकच सुचवितो. राजवाड्याला अर्धा तास आणि समाधीला शून्य, ही विभागणी पर्यटकाने केलेली नाही.

थिबाची समाधी शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधोमध आहे. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला पाठविले आणि तेथेच १८६२ मध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या कबरीवर आज दर्गा आहे व तेथे भाविकांची ये-जा असते. मंडालेच्या राजाच्या वाट्याला हे आले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन समाधीचे दर्शन घेऊन गेले, तेव्हा वृत्तपत्रांना तिची काही काळ आठवण झाली. राजाच्या मृत्यूनंतर त्याचे शव मायदेशी नेण्यास सरकारने संमती दिली नव्हती. १९१९ मध्ये राणी सुपयालत ब्रह्मदेशी परतली आणि १९२५ मध्ये रंगूनला वारली. रत्नागिरीत राजाच्या शेजारी आहे ती तिची धाकटी बहीण, थिबाची दुसरी राणी.