उरलेल्या पंचवीस जणांचे काय?

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. मुलांनी बैठक क्रमांक टाकलेला असतो आणि पडद्यावर एक चक्र फिरत असते. कुणाला दोन सेकंदांत निकाल दिसतो, तर शेजारच्या मुलाला अर्धा तास थांबावे लागते. अशा सेवा चालवणाऱ्यांना त्या वेळी त्या मुलाचा चेहरा दिसत नसतो, त्यांना दिसतात ते आकडे. हे आकडे यंत्रणेतून बाहेर कसे काढतात आणि त्यांतून काय निसटते, हे समजून घ्यायचे तर एका पुस्तकाकडे वळावे लागते. ‘साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग’ हे ते पुस्तक. गूगलमधील अभियंत्यांनी लिहिलेले आणि २०१६ साली ओरायली या प्रकाशनसंस्थेने काढलेले. चौतीस प्रकरणांच्या या ग्रंथातील सहावे आणि दहावे ही दोनच प्रकरणे आम्ही येथे विचारात घेत आहोत, कारण मोजमापाचा विषय त्यांत आला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी एक आज्ञावली एका संगणकावर चाले. तिची प्रकृती कशी आहे हे पाहायचे तर त्या संगणकापाशी जाऊन बसता येई. आज मोठ्या सेवा ‘कंटेनर’मध्ये चालतात. न्हावा शेव्याच्या बंदरातील लोखंडी कंटेनरवरूनच हे नाव आले. आज्ञावली आणि तिला लागणारे सगळे सामान एकत्र बांधून ठेवायचे, म्हणजे ते गाठोडे कोणत्याही संगणकावर सोडले तरी चालते. गर्दी वाढली की त्याच आज्ञावलीच्या शंभर प्रती उभ्या करायच्या, गर्दी ओसरली की नव्वद मोडून टाकायच्या. एखादी प्रत काही मिनिटेच जगते. ती मोडली की तिच्या स्मृतीत ठेवलेले आकडेही गेले. म्हणून ती जिवंत आहे तोवर तिच्याकडून आकडे काढून दुसरीकडे, देखरेख करणाऱ्या सेवेकडे, जमा करावे लागतात.

हे कसे करतात याचे वर्णन दहाव्या प्रकरणात आहे आणि ते उत्तम उतरले आहे. गूगलने २००३ साली आपल्या हजारो संगणकांवर कामे वाटून देणारी ‘बोर्ग’ ही व्यवस्था उभी केली. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी लगोलग ‘बोर्गमॉन’ तयार झाली. बाहेरच्या जगात याच कल्पनेवर ‘प्रोमिथिअस’ ही व्यवस्था २०१२ साली साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झाली. आज ती सर्वांना मोफत उपलब्ध आहे. तिची रीत वीजमीटर वाचायला येणाऱ्या माणसासारखी आहे. प्रत्येक प्रतीने आपले आकडे साध्या मजकुराच्या एका पानावर मांडून ठेवायचे. देखरेखीची सेवा ठरावीक वेळाने, समजा दर १५ सेकंदांनी, प्रत्येकीच्या दारात जाते, ते पान उतरवून घेते आणि वेळेची नोंद करून ठेवते. पान मिळालेच नाही, तर तीही एक नोंदच असते.

आकडे मुख्यतः दोन जातींचे. एक वीजमीटरसारखा, फक्त वाढणारा. उदाहरणार्थ, आतापर्यंत किती विनंत्या आल्या. दुसरा तापमापीसारखा, वरखाली होणारा. उदाहरणार्थ, या क्षणी किती स्मृती वापरात आहे. वाढत्या आकड्यात एक मौज आहे. समजा, लागोपाठ ९८०, १०००, १२ अशा नोंदी आल्या. मीटर कधी उलटा फिरत नाही, तेव्हा आज्ञावली बंद पडून पुन्हा सुरू झाली असे समजायचे आणि वाढ १२ धरायची. हजारच्या नोंदीनंतर आणि बंद पडण्याआधी आणखी काही विनंत्या आल्या असतील, तर त्या कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. मोजण्याच्या रीतीनेच काही गोष्टी मोजण्याबाहेर ठेवल्या जातात, हे तो प्रयोगशाळेत रोज पाहतो.

सहावे प्रकरण रॉब इवाशुक यांचे. कोणत्याही सेवेच्या चार गोष्टी तरी मोजा, असे ते सांगतात : उत्तराला लागणारा वेळ, येणारी गर्दी, चुकांचे प्रमाण आणि यंत्रणा किती भरत आली आहे ते. मग ते सरासरीकडे वळतात. एखाद्या सेवेचा सरासरी प्रतिसादकाळ १०० मिलिसेकंद असेल, तरी तिच्या १ टक्का विनंत्यांना ५ सेकंद लागत असू शकतात. हे गणित आठवीच्या मुलालाही करता येईल. शंभरातील एका विनंतीला ५००० मिलिसेकंद लागले, तर उरलेल्या ९९ विनंत्यांच्या वाट्याला एकूण ५००० मिलिसेकंद येतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५०. बहुतेकांना पन्नास, एकाला पाच हजार, आणि सरासरी म्हणते शंभर. शंभर मिलिसेकंद प्रत्यक्षात कुणालाच लागलेले नाहीत!

तो एक टक्का किरकोळ समजू नये. एक पान दाखवण्यासाठी आतल्या ६९ सेवांना विचारावे लागत असेल, प्रत्येकीच्या बाबतीत संथ उत्तराची शक्यता १ टक्का असेल आणि या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एकही उत्तर संथ नसण्याची शक्यता ०.९९ चा ६९ वा घात, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्या एक टक्क्याचा त्रास आता निम्म्या लोकांना होतो. म्हणून इवाशुक सुचवतात की सरासरी न काढता वेळांची गटवारी ठेवा : ० ते १० मिलिसेकंदांत किती, १० ते ३० मध्ये किती, ३० ते १०० मध्ये किती. आपली वर्गीकृत वारंवारता सारणीच ही. शंभर प्रतींच्या अशा सारण्या गटागटाने बेरजेत घेता येतात. त्यांच्या सरासऱ्यांची सरासरी मात्र काढता येत नाही. तुकड्यांच्या पटसंख्या न पाहता निकालाच्या टक्केवारीची सरासरी काढणाऱ्यांना हे ऐकवायला हवे.

इथवर पुस्तकाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते याच प्रकरणाच्या उत्तरार्धाशी.

तेथे गूगलच्या ‘बिगटेबल’ या माहितीसाठ्याची हकिकत दिली आहे. या सेवेचे उद्दिष्ट एका कृत्रिम, शिस्तशीर ग्राहकाला मिळणाऱ्या सरासरी वेळेवर बेतले होते. (शाळातपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्या बाकावरच्या मुलालाच प्रश्न विचारावेत, तसे हे.) सेवेत आणि तिच्या खालच्या थरांत दोष होते, त्यामुळे सर्वांत संथ ५ टक्के विनंत्या सरासरीला वर ओढत होत्या. इशाऱ्यांचा पाऊस पडू लागला. त्यांतले खरे कोणते हे निवडण्यातच अभियंत्यांचा वेळ जाई आणि वापरणाऱ्यांना खरोखर झळ पोचवणारे थोडे बिघाड त्या गर्दीत निसटत. तेव्हा त्यांनी तीन गोष्टी केल्या. मूळ दोष सुधारायला घेतले, ई-मेलने येणारे इशारे बंद केले, आणि उद्दिष्ट तात्पुरते उतरवून सरासरीऐवजी ७५ वे शतमक धरले. लेखकाच्या मते उसंत मिळाली, दुरुस्ती झाली, सेवा लवकर सुधारली.

७५ वे शतमक म्हणजे तिसरे चतुर्थक. अकरावीला अर्थशास्त्रात विभाजन मूल्ये शिकवणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. शंभर विनंत्या घ्या. ९५ विनंत्यांना २० मिलिसेकंद आणि पाच विनंत्यांना २००० लागले. सरासरी ११९, तिसरे चतुर्थक २०. आता त्या पाचांचा वेळ दुप्पट करा. सरासरी २१९ होते, चतुर्थक २० वरच. संथ विनंत्या पाचाच्या वीस करा. सरासरी ४१६ वर जाते, चतुर्थक अजून २०! सर्वांत मागच्या पंचवीस जणांचे काहीही झाले तरी हे माप हलत नाही.

म्हणजे ज्या प्रकरणात सरासरी संथ विनंत्यांना लपवते असे बजावले आहे, त्याच प्रकरणातील हकिकतीत सरासरीच त्यांच्या नावाने ओरडत होती आणि तिला गप्प करण्यासाठी त्यांना न पाहणारे माप आणले गेले. या विसंगतीची लेखकाला दखलही घ्यावीशी वाटत नाही. रात्री-अपरात्री उठवल्या जाणाऱ्या अभियंत्याला झोप मिळाली पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे. निरर्थक इशाऱ्यांना सरावलेला माणूस खऱ्या इशाऱ्यालाही उठत नाही, हेही खरे. तात्पुरती सवलत हा वाजवी तोडगा असू शकतो. पण ‘तात्पुरती’ म्हणजे किती दिवस? जुने उद्दिष्ट परत केव्हा आणले? त्या काळात संथ ५ टक्क्यांचा प्रतिसादकाळ आधी किती होता, नंतर किती झाला? मोजमापाच्या या प्रकरणात सेवा सुधारल्याचा दावा आहे, आकडा मात्र एकही नाही. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असा निष्कर्ष लिहिला असता, तर आपण समासात लाल शाईने ‘निरीक्षणे?’ असे विचारले असते. शिवाय ही हकिकत इशारे सोसणाऱ्यांच्या बाजूने सांगितली आहे. पलीकडे थांबलेल्यांची बाजू तिच्यात अर्ध्या वाक्यापुरती येते.

लेखकाच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की त्याने ही हकिकत झाकून ठेवली नाही. आपल्याच घरातील मापबदल उघड्यावर मांडणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि त्याने मांडली म्हणूनच आम्हांला ती तपासता आली.

पुस्तक गूगलच्या संकेतस्थळावर पूर्ण स्वरूपात मोफत वाचता येते. सहाव्या प्रकरणाची इंग्रजी सरळ आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना ती जड जाऊ नये. दहाव्यातील बोर्गमॉनचे नियम मात्र ज्यांनी थोडीफार आज्ञावली लिहिली आहे त्यांनीच वाचावेत, इतरांनी पहिली काही पाने वाचून थांबले तरी चालेल. बिगटेबलचा उतारा जेमतेम पानभराचा आहे. तो वर्गात वाचून दाखवावा आणि वरील शंभर विनंत्यांचे उदाहरण फळ्यावर मांडून, कोणते माप धरायचे हे मुलांनाच ठरवू द्यावे.