‘दीडपट धोका’ म्हणजे नेमका किती?

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने मध्यंतरी मला वर्तमानपत्राचे एक कात्रण दाखवले. मुलांच्या हाडांच्या कर्करोगाचे ‘जनुक सापडले’, असा मथळा होता. बाईंच्या वर्गातील एका मुलाला गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा झाला होता. त्याची धाकटी बहीण त्याच शाळेत आठवीत. घरचे विचारत होते, “बाई, पोरीचीपण तपासणी करून घ्यावी का?” कात्रणात याचे उत्तर नव्हते. विशिष्ट जनुकीय भेद असणाऱ्यांना धोका दीडपट असतो, एवढेच त्यात होते.

माझा आक्षेप या ‘दीडपट’ला आहे. आकडा खोटा नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९४१ रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या ३,२९१ प्रौढ व्यक्ती यांच्या डी.एन.ए.ची तुलना केली होती. सहाव्या गुणसूत्रावरील जीआरएम-४ या जनुकातील एक भेद रुग्णांमध्ये अधिक आढळला, गुणोत्तर १.५७ आले. पण दीडपट कशाच्या? अमेरिकेतील नोंदींनुसार हा कर्करोग वीस वर्षांखालील दर दहा लाखांमागे वर्षाला चार-पाच जणांना होतो. म्हणजे ढोबळमानाने दहा लाखांत पाचाचे आठ होतात. उरलेल्या ९,९९,९९२ जणांबद्दल मथळा गप्प आहे.

हेच गणित फळ्यावर पुढे नेता येते. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख, सांगलीची २८ लाख. त्यात वीस वर्षांखालील वीस लाख धरले, आणि दर तोच मानला, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला आठ-दहा रुग्ण होतील. ९४१ रुग्ण जमवायला इथे जवळजवळ शंभर वर्षे लागतील!

शिवाय तपासलेले ते लोक युरोपीय वंशाचे होते. ही बाब किरकोळ नाही. हाडांचाच दुसरा कर्करोग, युइंग सार्कोमा, आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्ये अत्यंत विरळ आहे, मग ती मुले अमेरिकेत वाढलेली का असेनात. तेव्हा एका लोकसमूहात सापडलेला भेद दुसऱ्यात तेवढाच बोलका असेल, असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडच्या लोकांचा अभ्यास हवाच. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी नैर्ऋत्य महाराष्ट्रातील स्त्रियांच्या स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत असे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत, त्यांचे स्वागत आहे. मात्र ते प्रौढांचे आणि पुष्कळ आढळणारे आजार. तोच साचा मुलांच्या विरळ आजाराला लावून मूठभर रुग्णांत वीस भेद तपासले, तर त्यांपैकी एखादा निव्वळ योगायोगानेच ‘लक्षणीय’ ठरेल.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. ‘जनुकीय भेद’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक म्हणजे वर सांगितलेला, असंख्य निरोगी माणसांत असणारा, किंचित परिणाम करणारा भेद. दुसरी म्हणजे आरबी-१ किंवा टीपी-५३ यांसारख्या जनुकांतील विरळ पण गंभीर बिघाड. आरबी-१ मधील बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलांना लहानपणी डोळ्याचा कर्करोग होतो, आणि त्यातून वाचलेल्यांना पुढे ऑस्टिओसार्कोमाचा धोका शेकडो पटींनी असतो. अशा मुलाने पाय दुखतो म्हटले, तर तेल चोळत बसू नये. २०२० साली १,२४४ ऑस्टिओसार्कोमा रुग्णांच्या तपासणीत सुमारे २८ टक्के जणांमध्ये कर्करोगाशी संबंधित जनुकांत असे जन्मजात, घातक ठरलेले वा ठरू शकणारे बदल सापडले. म्हणजे आनुवंशिकता बिनमहत्त्वाची आहे असे मुळीच नाही. पण पाठ्यपुस्तकातल्या सिकल सेलसारख्या ‘एक जनुक, एक विकार’ या चौकटीत वाढलेला वाचक दोन्हींना एकच समजतो, आणि मग ‘आईकडचं रक्त’ अशी कुजबुज सुरू होते. (वडिलांकडच्या रक्ताबद्दल ती क्वचितच होते.)

बाईंना मी एवढेच सांगितले. आधी घरात विचारा: जवळच्या नात्यात तान्हेपणी डोळ्याला गाठ, तरुणपणी स्तनाचा, मेंदूचा कर्करोग कोणाला झाला होता का? मग ही माहिती भावाच्या डॉक्टरांना द्या. तपासणी करायचीच तर ती प्रथम भावाची, जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने. त्याच्यात बिघाड सापडला, तर नेमक्या त्याच बिघाडासाठी बहिणीचे रक्त तपासता येईल. नाही सापडला, तर तिच्या तपासणीवर पैसे घालवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.